कोपराचं ऑपरेशन झालं, पण 'आता बरा झालो' हे कळतं कधी?

कोर्टाबाहेर
पाच महिन्यांपूर्वी उजव्या कोपराचं ऑपरेशन झालं. टेनिस एल्बो. टेनिस आयुष्यात खेळलेलो नाही. बॅडमिंटन खेळतो, तेही आठवड्यातून तीनदा, चाळिशी उलटलेल्या चौघांची दुहेरी. त्याआधी दोन वर्षं सगळं करून झालं होतं: विश्रांती, पट्टा, बर्फ, शेक, व्यायाम, दोन इंजेक्शनं. शेवटी शेवटी दाराची मूठ फिरवली तरी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे आणि भरलेला जग एका हाताने उचलणं बंदच झालं होतं.

आता दुखत नाही. खरंच नाही. सर्जन म्हणाले सांधा पूर्ण हलतोय, हळूहळू खेळायला लागा. पण मागच्या आठवड्यात कोर्टवर उतरलो, पहिलंच शटल बॅकहँडला आलं आणि हात अर्ध्यात थांबला. दुखला नाही, थांबला. मनाने थांबवला की हाताने, मलाच सांगता येत नाही. पार्टनरने कमरेवर हात ठेवून माझ्याकडे जे पाहिलं ते पाहता मी सरळ रॅकेट कव्हरमध्ये घातली.

जोकोविचच्या कोपराचं ऑपरेशन 2018 च्या फेब्रुवारीत झालं आणि जुलैत गडी विम्बल्डन जिंकला. पाच महिने. माझेही पाचच झालेत आणि माझी मजल ओले कपडे पिळण्यापर्यंत गेलीय.

ज्यांचं ऑपरेशन झालंय, हौशी असोत की स्पर्धा खेळणारे, त्यांनी सांगा: हा हात पुन्हा आपला झाला हे तुम्हाला नेमकं कधी कळलं?

तिरकस
जोकोविचला कपडे पिळता येतात का ते आधी विचारून घ्या. कदाचित तुम्ही पुढे असाल.

टेनिस_एके_टेनिस
जोकोविचचा हिशोब चुकतोय, भाऊ. तो 2017 च्या विम्बल्डनमध्ये बर्डिचविरुद्ध सामना अर्धवट सोडून बाहेर पडला आणि उरलेलं वर्ष खेळलाच नाही. जानेवारीत सर्व्हिसची ॲक्शन आखूड करून ऑस्ट्रेलियात उतरला, तरी कोपर बोंबललाच, तेव्हा ऑपरेशन. मग मार्चमध्ये घाई केली तर इंडियन वेल्स आणि मायामी दोन्हीकडे पहिल्याच सामन्यात घरी. म्हणजे विम्बल्डन ते विम्बल्डन पूर्ण वर्ष गेलं, आणि ते दिमतीला माणसं असणाऱ्याचं. आपण मधले सगळे महिने विसरतो आणि करंडकाचा फोटो तेवढा लक्षात ठेवतो.

बाकी माझं स्पष्ट मत: टेनिस एल्बोला ऑपरेशन करूच नये. मला तीन वर्षांपूर्वी झाला होता. तारांचा ताण कमी केला, ग्रिप बदलली, चौदा महिने धीर धरला. गेला.

कोर्टाबाहेर
टे.ए.टे., चोवीस महिने धीर धरला होता हो. आता कोपर कापून झालाय, तो मत बदलून परत जोडता येत नाही :)

सांधेजोड
मी फिजिओ आहे, त्यामुळे राहवत नाही. (इथे वाचून कुणी स्वतःचे उपचार ठरवू नका, हे एकदाच सांगते.)

टे.ए.टे. म्हणतात ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. टेनिस एल्बो असलेल्या दहांतले आठ-नऊ जण वर्षभरात ऑपरेशनशिवाय बरे होतात. पण 'बरेच जण' म्हणजे 'सगळे' नव्हे. धागाकर्ते उरलेल्या एक-दोनांतले आहेत, त्यांना आता बोल लावून काय उपयोग?

दुसरं म्हणजे 'कोपराचं ऑपरेशन' हे फार मोठं पोतं आहे, त्यात काहीही मावतं. टेनिस एल्बोत बाहेरच्या बाजूचा, मनगट वर उचलणाऱ्या स्नायूचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) खराब झालेला असतो. 'एपिकॉन्डिलायटिस' या डॉक्टरी नावात सूज असली तरी जुन्या दुखण्यात सूज फारशी नसतेच. टेंडनचे धागे विस्कटलेले असतात, करड्या रंगाचे, लिबलिबीत. सर्जन तेवढा भाग काढून टाकतो. आतल्या बाजूचं दुखणं म्हणजे गोल्फर्स एल्बो. तोही गोल्फ न खेळणाऱ्यांनाच जास्त होतो. आणि भालाफेक, बेसबॉलवाल्यांचं तिसरंच: आतल्या बाजूचं लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) फाटतं, तिथे नवीन दोरी ओवावी लागते. पहिल्यात चार ते सहा महिन्यांत माणूस खेळतो. तिसऱ्यात वर्ष ते दीड वर्ष. एकाचं कॅलेंडर दुसऱ्याच्या भिंतीवर टांगू नका.

कोर्टाबाहेर, पकडीची ताकद मोजली का कुणी? पकडून दाबायचं यंत्र असतं ते?

कोर्टाबाहेर
मोजली. उजवा 31 किलो, डावा 42. मी उजखुरा आहे.

सांधेजोड
मग हात मनाने थांबवला की हाताने, त्याचं अर्धं उत्तर इथेच आलं. उजखुऱ्याचा उजवा हात डाव्यापेक्षा थोडा जास्तच भरायला हवा. तुमचा पाऊण पण नाही. दुखणं जाणं आणि ताकद येणं या दोन वेगळ्या गाड्या आहेत, दुसरी नेहमी उशिरा येते. टेंडनला हळूहळू वाढवलेलं ओझं लागतं. मनगट वर करून वजन सावकाश, चार-पाच मोजत खाली सोडायचं, हे करताय का? की 'दुखत नाही' म्हटल्यावर व्यायामही सुटला?

कोर्टाबाहेर
...सुटला.

तिरकस
धागा संपला. दिवे मालवा, निघा.

भालदार
थांबा तिरकस, मला बोलायचंय.

मी विद्यापीठ पातळीवर भालाफेक करायचो. तिसऱ्या वर्षी फेकताना कोपराच्या आत 'टप्' असं वाजलं. लोक सांगतात तसा मोठा आवाज नाही, ओली काडी मोडावी तेवढाच. भाला चाळीस मीटरवर आडवा पडला आणि करंगळी नि शेजारच्या बोटाला मुंग्या आल्या. लिगामेंट पूर्ण गेलं होतं. माझ्याच मनगटातला टेंडन काढून कोपराच्या हाडांत भोकं पाडून आठच्या आकड्यासारखा ओवला.

पहिले काही आठवडे बिजागरीचा पट्टा. तो दर आठवड्याला थोडा थोडा उघडायचा, दहा-दहा अंशांनी. शर्टाचं वरचं बटण लावायला उजवा हात गळ्यापर्यंत पोचत नव्हता. पाचव्या महिन्यात 'फेकायला' सुरुवात. काय फेकायचं? चेंडू. कुठून? चौदा-पंधरा मीटरवरून. किती? पंचवीस. मधे विश्रांती, पुन्हा पंचवीस, घरी जा. बाजूला बारा वर्षांची पोरं माझ्यापेक्षा लांब फेकत होती. भाला हातात आला नवव्या महिन्यात, तोही उभ्या उभ्या, धाव न घेता. पूर्ण धाव घेऊन फेकलं तेव्हा चौदा महिने झाले होते.

त्या काळात मी नीरज चोप्राकडे बघून दिवस काढायचो. त्याच्या उजव्या कोपरावर 2019 च्या मे महिन्यात शस्त्रक्रिया झाली, त्या वर्षीची दोह्याची जागतिक स्पर्धा हुकली. जानेवारी 2020 मध्ये दक्षिण आफ्रिकेत पॉचेफस्ट्रूमला उतरला आणि 87.86 मीटर. ऑलिंपिकची पात्रता 85 होती. आणि टोकियोचं सुवर्ण 87.58 चं! म्हणजे परतीच्या पहिल्याच स्पर्धेतली फेक ऑलिंपिक सुवर्णापेक्षा लांब. मी चौदा महिन्यांनी फेकला तो जुन्या फेकीपेक्षा सहा मीटर मागे पडला. पुढे चार मीटर परत मिळवले, दोन कायमचे गेले.

कधी कळलं, या प्रश्नाचं उत्तर: मला नाही कळलं. आजही पहिल्या दहा फेका मी दात आवळून फेकतो.

आकडेमोड
भालदार, तुमचं ते ऑपरेशन म्हणजे टॉमी जॉन सर्जरी. बेसबॉलचा शौकीन असल्याने थोडं अवांतर.

टॉमी जॉन हा लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. 1974 च्या जुलैत त्याचं लिगामेंट फाटलं, सप्टेंबरमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी हे ऑपरेशन पहिल्यांदा केलं. यशाची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. नंतर त्याची नस दबून बोटं वाकडी झाली, म्हणून पुन्हा ऑपरेशन. पूर्ण 1975 साल तो मैदानाबाहेर. 1976 मध्ये परतला आणि 1989 पर्यंत खेळला. कारकिर्दीतले 288 विजय, त्यातले 164 ऑपरेशननंतरचे! आधीपेक्षा नंतरचे जास्त.

याचा उलटा परिणाम असा की 'टॉमी जॉन केल्यावर चेंडूचा वेग वाढतो' अशी एक खुळी समजूत पसरलीय. धडधाकट पोराचं करून टाका म्हणणारे पालकही डॉक्टरांना भेटलेत म्हणे. नवीन दोरी जुन्यापेक्षा भारी नसते हो. वाढलाच वेग, तर तो वर्षभर इमानेइतबारे केलेल्या व्यायामाचा असतो.

जिमखाना_नव्हे_जिम
मी डेडलिफ्टवाला. गोल्फर्स एल्बो, दोन्ही हात. ऑपरेशन नाही, पण आठ महिने लोंबकळायचे व्यायाम बंद. या आठ महिन्यांत पाय मात्र खांबासारखे झाले. ज्याचं त्याचं नशीब.

शटलवेडी
कोर्टाबाहेर, तुमच्या ग्रिपची जाडी बघा. घाम येतो म्हणून आपण एकावर एक गुंडाळत जातो आणि शेवटी मुसळ धरल्यासारखी पकड होते. आणि बॅकहँडला अंगठा मागून टेकवता की मूठ आवळून मनगटानेच हाणता? माझा कोपर गेला तो निव्वळ उशिरा पोचून मनगटाने ओढल्यामुळे. चूक पायांची, शिक्षा कोपराला.

कोर्टाबाहेर
शटलवेडीताई, तुम्ही आमच्या कोर्टवर कॅमेरा लावलाय का?

टेनिस_एके_टेनिस
+१. आणि ती दोन इंजेक्शनं. सांधेजोड ताई, त्यावर बोला जरा.

सांधेजोड
स्टिरॉइडच्या इंजेक्शनने पहिले दीड महिना स्वर्ग वाटतो. पण वर्षाअखेरीस पाहिलं तर न घेतलेले लोक पुढे असतात आणि घेतलेल्यांचं दुखणं उलटण्याचं प्रमाण जास्त असतं. याचे चांगले अभ्यास झालेले आहेत. तरी लोक घेतात, कारण परवा मॅच असते.

बारावा_गडी
मला एकाच इंजेक्शनने बरं वाटलं, चार वर्षं झाली. तेव्हा सरसकट नका बोलू.

सांधेजोड
वाटलं ना, उत्तम. मी सरासरी सांगतेय, तुमचा कोपर सरासरीच्या बाहेरचा.

बारावा_गडी
क्रिकेटवाल्यांनी इथे तेंडुलकरला कसं काय सोडलं? 2004 मध्ये टेनिस एल्बोमुळे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेच्या पहिल्या दोन कसोटी हुकल्या. 2005 च्या मेमध्ये लंडनला ऑपरेशन. ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध परत, 93 धावा. डिसेंबरात दिल्लीत पस्तिसावं कसोटी शतक, गावसकरांचा 34 चा विक्रम मागे.

तिरकस
आणि तो कोपर डावा होता. उजव्या हाताच्या फलंदाजाला डावा टेनिस एल्बो. हे कसं काय ते मला आजवर कळलेलं नाही.

बारावा_गडी
अहो, उजव्या फलंदाजाची बॅट डाव्या हातात असते! वरचा हात डावा, खरी बॅट तोच चालवतो, खालचा हात नुसता टेकू. त्यात त्याची बॅट जडशीळ. नुसती उभी धरायची म्हटली तरी सगळा भार डाव्या मनगटावर. हाताखाली एक काठी घेऊन स्ट्रेट ड्राइव्ह मारून बघा, कोपराच्या बाहेरच्या बाजूला बोट ठेवा, तिथला स्नायू टणकन उभा राहतो.

तिरकस
केलं. फुलदाणी गेली. बाकी मुद्दा पटला.

चेंडूवाली_आई
माझा प्रश्न जरा वेगळा. मुलगा बारा वर्षांचा, वेगवान गोलंदाजी करतो, कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं म्हणतो. प्रशिक्षक म्हणतात वाढीचं दुखणं आहे, चालू ठेवा. काय करू?

सांधेजोड
चालू ठेवू नका. त्या वयात हाडाच्या टोकाशी वाढीची चकती असते आणि ती लिगामेंटपेक्षा कच्ची असते. मोठ्या माणसाचं लिगामेंट फाटेल तिथे मुलाचं हाड ओढलं जातं. फेकणं थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. लवकर थांबलं की बहुतेक मुलांचं विश्रांतीवरच निभावतं.

आकडेमोड
अमेरिकेत बेसबॉलवाल्यांनी 2014 पासून वयाप्रमाणे दिवसाला किती चेंडू टाकायचे याची मर्यादा सांगितलीय. 9-10 वर्षांना 75, 11-12 ला 85, 13-14 ला 95, आणि मधे सक्तीचे विश्रांतीचे दिवस. क्रिकेटची ॲक्शन वेगळी, हात सरळ असतो, त्यामुळे आकडे जसेच्या तसे उचलू नका. पण मोजायची सवय उचला. दमलेला हातच जास्त करून जखमी होतो.

चेंडूवाली_आई
धन्यवाद दोघांनाही. आज सरावाला पाठवलं नाही. पोरगं गाल फुगवून बसलंय.

भालदार
ताई, त्याला इंग्लंडच्या वेगवान गोलंदाज जोफ्रा आर्चरची गोष्ट सांगा. कोपरातल्या दुखापतीसाठी 2021 मध्ये दोनदा ऑपरेशन, एकदा मेमध्ये, एकदा डिसेंबरात. 2023 मध्ये परतला, पुन्हा कोपर. कसोटीत दिसायला 2025 चा जुलै उजाडला. एवढा वेग अंगात असून चार वर्षं कसोटीबाहेर बसला.

वाकडा_हात
मी फुटबॉलमधला गोलरक्षक, पडून कोपर मोडला, प्लेट बसवली. हाड जुळलं झकास. पण प्लास्टरनंतर सांधा अडकला, आणि घरच्यांच्या सांगण्यावरून एकाकडून जोरजोरात मालिश करून हात ओढून घेतला. तीन आठवडे. सांधा सुटायच्या ऐवजी स्नायूत हाडासारखा गोळा तयार झाला आणि हात होता त्यापेक्षा कमी सरळ व्हायला लागला. आता कायम तीस अंशांत वाकलेला.

डॉक्टरांनी सांगितलं की रोजची बहुतेक कामं 30 ते 130 अंशांत होतात, म्हणजे मी काठावर पास. पण गोलवर वरच्या कोपऱ्यातला चेंडू त्या तीस अंशांतच असतो.

सांधेजोड
वाचून पोटात कालवलं. ज्यांचा कोपर ताजा दुखावलाय त्यांनी हे दोनदा वाचा. कोपर फार मानी सांधा आहे, जबरदस्ती केली की रुसतो. स्वतःच्या स्नायूंनी, स्वतःच्या ताकदीने जेवढा हलेल तेवढा दिवसातून अनेकदा हलवा. दुसऱ्याने ओढायचं नाही.

तिरकस
वाकडा_हात, मुरलीधरनचाही कोपर जन्मतः पूर्ण सरळ होत नाही आणि त्याने 800 कसोटी बळी घेतले. गोल सोडा, ऑफ स्पिन धरा. पंधरा अंशांची सूट आहेच. (ह.घ्या.)

वाकडा_हात
घेतलं हलके. पण ती सूट चेंडू टाकताना कोपर किती सरळ होतो त्याची असते, वाकून किती राहतो त्याची नाही. माझा वाकलेलाच राहतो. कायद्याने मी निर्दोष आहे :)

आकडेमोड
आता सगळ्यांसाठी एक गंमत. भालदारांच्या मनगटातून जो टेंडन काढला तो आपल्यातल्या काहींकडे जन्मतः नसतोच, साधारण सातातल्या एकाकडे. अंगठा आणि करंगळी टोकाला टोक लावा आणि मनगट आत वाकवा. मधोमध दोरी उभी राहिली तर आहे. नसली तरी पकडीत फरक पडत नाही.

शटलवेडी
उजव्यात आहे, डाव्यात नाही! इतकी वर्षं मला हे माहीतच नव्हतं.

जिमखाना_नव्हे_जिम
दोन्हीकडे आहे. अख्खी जिम आत्ता अंगठा-करंगळी लावून उभी आहे.

जुनी_सायकल
मूळ प्रश्नाला कुणीच नीट उत्तर दिलं नाही म्हणून लिहितो. माझं टेनिस एल्बोचंच ऑपरेशन, टेबल टेनिस खेळतो. मला कळलं नाही, बायकोला कळलं. आठव्या महिन्यात ती म्हणाली, 'हल्ली कुलूप उजव्या हाताने उघडतोस.' दोन वर्षं मी किल्ली डाव्या हातात धरून उलटा उभा राहायचो. ती सवय कधी सुटली त्याची तारीख माझ्याकडे नाही. टेबलावर मात्र त्यानंतरही महिनाभर बॅकहँड फ्लिक मारत नव्हतो, म्हणजे हात बरा झाल्याची बातमी डोक्याला सर्वात शेवटी गेली.

कोर्टाबाहेर
सात आठवड्यांनी परत येतोय. सांधेजोड ताईंच्या दटावणीनंतर व्यायाम सुरू केला. अर्ध्या किलोचं वजन, चार मोजत खाली, दिवसाआड. आता दोन किलो. काल मोजलं: उजवा 39. ग्रिपचे तीन थर सोलले, आतली मूळ ग्रिप निळी होती हे मी विसरलोच होतो.

काल पूर्ण एक गेम खेळलो. बॅकहँडला सहा शटल आली. दोन मारली, तीन पळून फोरहँडवर घेतली, एक सोडलं. सोडलेल्यावर पार्टनरने शिव्या घातल्या. त्या ऐकून बरं वाटलं, कारण गेल्या वेळी बिचारा काहीच बोलला नव्हता.

सांधेजोड
39 म्हणजे अजून डाव्याच्या मागेच आहे. व्यायाम सोडलात तर मी पण शिव्या घालीन.

शटलवेडी
सहांतली दोन! आणि तीन वेळा पळालात, म्हणजे पायही जागे झाले. अभिनंदन.

तिरकस
सगळं ठीक. पण माझ्या दोन्ही मनगटांत ती दोरी नाहीये. उद्या माझं लिगामेंट फाटलं तर माझं काय?

भालदार
मग गुडघ्याच्या आतल्या बाजूचा टेंडन काढून कोपरात बसवतात.

तिरकस
म्हणजे फेकताना पाय दुखणार?

भालदार
तुम्ही आधी काहीतरी फेका तर खरं.

तिरकस
फुलदाणी झाली की.